भगुन्यावरचं नाव

रामकिसनराव औताडे स्टीलचं मोठं भगुनं घेणार आहेत, ही गोष्ट त्यांनी फक्त शेजारच्या मजीदभाईंना सांगितली होती, आणि तीसुद्धा दबक्या आवाजात. पण मजीदभाईंना एका कानानं कमी ऐकू येई आणि रामकिसनराव नेमके त्याच बाजूला कुंपणाला टेकून उभे होते. दबकी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागली की ती दबकी राहत नाही. चहा उकळेपर्यंत सिडकोतल्या त्या अख्ख्या गल्लीला कळलं, की बायकोच्या, द्वारकाबाईंच्या वर्षश्राद्धाच्या पंगतीला येसर आमटी, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याची आमटी, रामकिसनराव स्वतःच्या हातानं करणार आहेत, आणि त्यासाठी भांडं उसनं आणायचं नाही, घरचंच घ्यायचं, असा त्यांचा निर्णय झालेला आहे.

त्यांना आमटी करता येते का, हे कुणी विचारलं नाही. सल्ला देता येण्यासारखं भांडं समोर असताना आमटीची चौकशी कोण करतो?

"रावसाब, पहले पेंदा देखो," मजीदभाई म्हणाले. त्यांचं पैठण गेटाजवळ कापडाचं दुकान होतं, आता मुलं बघत होती, त्यामुळे त्यांना दुसऱ्यांच्या खरेदीत लक्ष घालायला भरपूर सवड होती. "पेंदा पतला रहा तो सालन नीचे लगता, और ऊपर पानी का पानी."

"स्टील नक्कोच बोलो उनको!" आतून त्यांच्या बायकोचा, नजमुन्निसाबींचा आवाज आला. "तांबे की देगची लो, कलई करके. उमर भर का काम."

"अब कलईवाला कहां रहा, बेगम?"

"ढूंडे तो मिलता. तुम क्या ढूंडते, चष्मा नाक पे रहता तो वो बी मैंच ढूंडके देतूं."

इथून पुढं तो विषय भगुन्याचा राहिला नाही, म्हणून रामकिसनराव हळूच घरात गेले.

खरा धक्का बसला तो समोरच्या चतुराबाईंना. गल्लीत मोठं भगुनं असलेलं घर त्यांचं एकच. बारशापासून तेराव्यापर्यंत गल्लीतलं सगळं रांधणं त्यांच्या भगुन्यात होई. ते देताना त्या ते कुठून आलं, कुणी दिलं आणि मागच्या वेळी कुणी पोचा पाडून आणलं, हे सगळं ऐकवत, आणि परत घेताना उन्हात धरून बघत. आता हे संस्थानच खालसा व्हायची वेळ आली.

"आमचं भगुनं काय फुटलं व्हय, भाऊ?" त्या दारातूनच म्हणाल्या. "द्वारकाबाई हुती तव्हर चालत हुतं. बाई गेली तशी वळख बी गेली म्हना की."

"तसं नाही हो, चतुराबाई. प्रश्न तत्त्वाचा आहे."

चतुराबाईंना तत्त्व कळलं नाही, अपमान कळला. त्यांनी दार लावून घेतलं.

तत्त्व असं होतं. चितेगावला रामकिसनरावांची थोरली बहीण असे, मनकर्णाबाई. सगळे त्यांना अक्का म्हणत. द्वारकाबाई गेल्या तेव्हा अक्कांनी दिवसकार्य उरकलं आणि निघताना भावाला सांगितलं, "वरीसभर मी बोलत नाय. वर्षश्राद्ध झालं की घर बंद कर आन चितेगावला चल. लेकरूबाळ नाय, बाईमाणूस नाय. एकट्याचं डोकं ठिकाणावर ऱ्हात नाय. चुका व्हत्यात. येक दिस गॅस चालू ठिवून निजशील." अक्का बोलल्या म्हणजे झालं. घरातली लग्नं, वाटण्या, भांडणं, सगळं त्यांच्याच शब्दानं मिटत आलेलं होतं.

रामकिसनरावांना जायचं नव्हतं. का जायचं नव्हतं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखं ते नव्हतंच. द्वारकाबाईंची सवय होती, दिवेलागणीला मागच्या अंगणातून वाळलेले कपडे आणायच्या. रामकिसनराव मागच्या दाराशी उभे राहून म्हणत, "आत ये गं, कडी लावतो." ते अजूनही म्हणत. म्हणून जरा थांबत, आणि मग कडी लावत. चितेगावच्या भरल्या घरात असं काही म्हणायची सोय नव्हती.

तेव्हा वर्षश्राद्धाची अख्खी पंगत आपल्या घरातून, आपल्या भांड्यात, आपल्या देखरेखीखाली, काडीची चूक न होता उठवायची आणि अक्कांना दाखवून द्यायचं की हे घर व्यवस्थित चालू आहे, असं त्यांनी योजलं. चूक न होण्याबद्दल त्यांना शंका नव्हती. ते एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्या टेबलावरून कुठलाही मसुदा लाल शाईविना पुढं गेला नाही. साहेबांनी लिहिलेल्या मजकुरातसुद्धा ते चूक काढत आणि वर "मान्यतेस सादर" असं लिहीत. स्वतःची चूक मात्र त्यांनी आयुष्यात कबूल केली नव्हती. त्यांच्या मते ती झालेलीच नव्हती.

कासारी बाजारात ते पहिल्यांदा गेले ते लोहचुंबक घेऊन. चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं, म्हणून जुन्या रेडिओतला कर्णा फोडून त्यांनी चुंबक काढला होता. रेडिओ त्यानंतर अर्थातच बोलला नाही. दुकानात त्यांनी एकेक भगुनं उचलावं, बुडाला टिचकी मारावी, कान लावून ऐकावं, उजेडात धरावं, मग चुंबक लावावा. चुंबक भगुन्यांना चिकटला नाही. तो शेठजींच्या किल्ल्यांच्या जुडग्याला चिकटला, तराजूला चिकटला आणि एकदा एका गिऱ्हाईक बाईनं पसंत केलेल्या डब्याला चिकटला, तेव्हा ती बाई डबा न घेताच निघून गेली.

"काका, तुम्हाला भगुनं पाहिजे का खाण काढायचीय?" शेठजींनी विचारलं.

रामकिसनरावांनी असल्या बोलण्याकडे नोकरीतही लक्ष दिलं नव्हतं. त्यांनी एक पसरट, जाड बुडाचं, दोन्ही बाजूंना कान असलेलं भगुनं पसंत केलं. शेठजी म्हणाले, "नाव टाकून देतो, फुकट आहे." तेव्हा रामकिसनरावांनी नको म्हटलं. आधी घरी तपासणी, मग नाव, असा क्रम त्यांना योग्य वाटला.

घरी येताना सिटी बसच्या कंडक्टरनं भगुन्याचं वेगळं तिकीट मागितलं. रामकिसनराव म्हणाले, सामान म्हणजे ज्यात काही भरलेलं असतं ते, हे रिकामं आहे. कंडक्टर म्हणाला, रिकामं असलं तरी जागा अडवतं. रामकिसनराव म्हणाले, नियम दाखवा. कंडक्टर म्हणाला, उतरा. शेवटी ते भगुनं त्यांनी मांडीवर घेतलं, झाकण छातीशी धरलं, आणि त्यात मागच्या बाईनं आपली मेथीची जुडी ठेवली. तेव्हा कंडक्टरनं सगळ्यांदेखत विचारलं, "आता भरलंय का रिकामं?" तिकीट काढावं लागलं.

आणि घरी आल्यावर ते भगुनं शेगडीवर बसेना. मधलं माप त्यांनी बरोबर घेतलं होतं, पण कान धरले नव्हते. एक कान भिंतीला लागला की बूड जाळावरून सरके, आणि बूड जाळावर आणलं की दुसरा कान वरच्या फळीच्या खांबाला अडे. मजीदभाई बघायला आले, नजमुन्निसाबी बघायला आल्या, आणि चतुराबाई समोरच्या ओट्यावरून बघत राहिल्या.

"माप चुकलं?" मजीदभाईंनी विचारलं.

"माप चुकलेलं नाही," रामकिसनराव म्हणाले. "भांड्याचं माप कान सोडूनच घेतात. शेगडी गैरसोयीच्या जागी आहे."

दुसऱ्या दिवशी ते भगुनं बदलायला निघाले. वाटेत गॅसची एजन्सी होती. सिलिंडर वर्षश्राद्धाआधी संपणार हे दिसत होतं, आणि त्या काळात नंबर लावून वाट बघावी लागे, म्हणून काखेत भगुनं धरूनच ते रांगेत उभे राहिले. रांगेतल्या लोकांनी हे भगुनं कशाला म्हणून विचारून घेतलं आणि प्रत्येकानं त्याच्या बुडाला एकेक टिचकी मारली.

खिडकीतल्या मुलीनं कार्ड पाहिलं. "कनेक्शन द्वारकाबाईंच्या नावावर आहे. त्यांना पाठवा."

"त्या येऊ शकत नाहीत."

"आजारी आहेत?"

"नाही."

"गावाला गेल्यात? कधी येतील?"

रामकिसनरावांनी भगुनं या काखेतून त्या काखेत घेतलं. अशा वेळी काय सांगायचं, कुठला दाखला जोडायचा आणि नाव कसं बदलून घ्यायचं, हे त्यांनी नोकरीत कितीतरी विधवांना आणि विधुरांना समजावून सांगितलं होतं. आपल्या टेबलासमोर ती माणसं मधेच का अडतात, याचा त्यांना तेव्हा राग येत असे. कागद स्वच्छ आहे, विषय स्वच्छ आहे, मग बोलायला काय होतं? आता त्यांचीच जीभ टाळ्याला चिकटली. मागचे लोक गलका करू लागले.

"आल्या की सही घेऊन या," मुलगी म्हणाली. तिनं काही वावगं केलं नव्हतं.

"बरं," रामकिसनराव म्हणाले, आणि काखेत भगुनं घेऊन रांगेतून बाहेर पडले.

कासारी बाजारात शेठजींनी त्यांना लांबूनच ओळखलं आणि किल्ल्या गल्ल्यात टाकल्या. पसरट भगुनं परत घेऊन त्यांनी त्याच पत्र्याचं उभट, खोल भगुनं दिलं. ते छान होतं. रामकिसनरावांना ते बघताक्षणी आवडलं, म्हणून त्यांनी चुंबक काढला नाही. पण शेठजींना धास्ती होती की हा माणूस उद्या पुन्हा येणार.

"एकदा नाव पडलं की माल परत नाही, काका," ते म्हणाले, आणि भगुनं थेट नाव टाकणाऱ्याच्या पुढ्यात ठेवलं. त्यानं यंत्राचा खटका दाबला. सुई घरघरायला लागली.

"सांगा."

"द्वारकाबाई रामकिसन औताडे."

"सौ. ना?"

इथं नुसतं एक अक्षर सांगायचं होतं. सौ.च्या आधी कै. टाका, एवढंच. मयत माणसाच्या नावामागे कै. नसलेला एक अख्खा प्रस्ताव त्यांनी एकदा शेरा मारून परत पाठवला होता, आणि त्या शेऱ्याचा त्यांना पुढं कित्येक वर्षं अभिमान होता. सुई घरघरत होती. नाव टाकणाऱ्यानं मान वर केली.

"हं," रामकिसनराव म्हणाले.

अक्षरं एकामागून एक उमटली. सौ. द्वारकाबाई रामकिसन औताडे. रामकिसनरावांनी ती नीट वाचली. चष्मा डोळ्यांवर होता, दुपारचा उजेड होता, कुणी घाई केली नव्हती. नजरचुकीनं राहिलं, असं म्हणायला जागा नव्हती. त्यांनी भगुनं उचलून काखेत घेतलं. बसमध्ये त्यांनी या वेळी आपण होऊन भगुन्याचं तिकीट काढलं, भगुनं मांडीवर घेतलं आणि त्या अक्षरांवर अंगठा ठेवून बसले. कितीतरी महिन्यांनी त्यांना बरं वाटत होतं.

ते बरं वाटणं चतुराबाईंनी फार टिकू दिलं नाही. नवं भांडं बघायला म्हणून त्या रुसवा बाजूला ठेवून आल्या, उन्हात धरलं, फिरवलं, आणि थांबल्या.

"आवं भाऊ! हे काय? ह्येच्या आधी कै. कुटंय?"

रामकिसनराव फडकं शोधायला लागले.

"जित्या बाईवानी नाव टाकलंय की! आन हेडक्लार्क व्हते म्हनं!"

पुढचे दिवस गल्लीला दुसरा विषय नव्हता. चतुराबाईंचं म्हणणं, असल्या भांड्यात श्राद्धाचं रांधत नसतात, हवं तर आमचं आहेच. कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरांचं म्हणणं, भाषेच्या दृष्टीनं हे दिशाभूल करणारं आहे. कुणी म्हणालं, नावावर कागद चिकटवा. सगळ्यांचं एकमत एवढंच, की चूक झाली. रामकिसनराव इतके दिवस गल्लीभर लोकांच्या लग्नपत्रिका तपासून देत आले होते. ज्यांच्या पत्रिकांत त्यांनी लाल खुणा केल्या होत्या, ते सगळे या निमित्तानं भगुनं पाहून गेले. त्यांनी कुणालाच उत्तर दिलं नाही. मी मुद्दाम टाकू दिलं, असं सांगितलं तर लोक कीव करणार. चुकून झालं म्हटलं तर हसणार. दोन्ही त्यांना सोसण्यासारखं नव्हतं.

"इसमें क्या है," मजीदभाई म्हणाले. "नाम के आगे एक हरफ डालना है. चलो."

त्यांच्या स्कूटरवर मागं बसून, भगुनं दोघांच्या मधे धरून, रामकिसनराव सिटी चौकाजवळच्या दुसऱ्या एका नाव टाकणाऱ्याकडे गेले. त्यानं पाहिलं. "टाकतो की. सौ.च्या आधी जागा आहे."

"जागा नाही," रामकिसनराव म्हणाले.

"आहे हो, बाबा. ही बघा, दोन बोटं."

"कै. नंतर टिंब येतं. मग अंतर सोडावं लागतं. ते कानाखाली जाईल. जागा नाही."

नाव टाकणाऱ्यानं मजीदभाईंकडे पाहिलं. मजीदभाईंनी चष्मा वर केला, भगुनं हातात घेतलं, त्या मोकळ्या जागेकडे नीट पाहिलं आणि मग रामकिसनरावांच्या तोंडाकडे पाहिलं.

"हौ," ते म्हणाले. "जगा नहीं है."

परत येताना ते हर्सूलच्या तळ्याकडे उगाच वळले. तिथं चहा घेतला. मजीदभाई बाजारभावाबद्दल बोलले, मुलांच्या तक्रारी केल्या, भगुन्याचं नाव काढलं नाही. उठताना फक्त म्हणाले, "कोई पूछा तो दुकानवाले का नाम ले देना, रावसाब. उसका क्या जाता." रामकिसनरावांना त्यांचा हात धरावासा वाटला, पण हातात भगुनं होतं.

अक्का वर्षश्राद्धाच्या सकाळी आल्या. बरोबर येसराचा डबा, सुना, पोळ्यांचं पीठ, लुगड्यांचं बोचकं आणि एक रिकामी ट्रंक. ती रिकामी ट्रंक कशासाठी, ते कुणी कुणाला विचारलं नाही. अक्कांनी ती पलंगाखाली सरकवली आणि पदर खोचला.

गॅस विधी सुरू व्हायच्या आतच संपला. जे भगुनं शेगडीवर बसावं म्हणून बदलून आणलं होतं, ते मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर चढलं. चूल नजमुन्निसाबींनी सांगून मांडून घेतली आणि जाळ कमी ठेवा, कमी ठेवा, असं त्या कुंपणापलीकडून ओरडत राहिल्या. धूर डोळ्यांत गेल्यावर माणूस जाळ कमी करतो का वाढवतो हे ज्याचं त्यानं ठरवावं. रामकिसनरावांनी वाढवला. आमटीला खालून वास लागला. त्यांनी धावत जाऊन ढवळलं, तेव्हा बुडाची खरड वर आली. अक्कांनी एक घोट चाखला, जाळ ओढला, वरून आधणाचं पाणी घातलं आणि भगुनं सावरलं.

नैवेद्य दाखवला. पानं वाढली. जेवताना कुणीतरी म्हणालं, चुलीवरच्या आमटीची चव न्यारी. द्वारकाबाईंच्या माहेरची माणसं डोळे पुसत जेवली. मजीदभाईंनी पुन्हा वाटी पुढं केली. एकूण पंगत उठली, आणि कुणी उपाशी गेलं नाही. रामकिसनराव मागच्या दारात उभे होते. धोतरावर राख, कपाळावर काजळी, पण त्यांना वाटलं की जमलं. अक्कांनी तसं काही म्हटलं नव्हतं, पण त्यांनी ट्रंकही काढली नव्हती.

अंगणात बायका भांडी घासायला बसल्या. चतुराबाईंनी मोठं भगुनं आपण होऊन ओढलं.

"अक्का, तुमी वाचलं का हे?"

"मला कुटं वाचता येतं बाई."

"मी वाचते की. सौ. द्वारकाबाई रामकिसन औताडे. नुसतं सौ. ह्येच्या आधी कै. टाकायचं ऱ्हायलंय. गल्लीभर सांगून दमली, पर भाऊ काय ऐकनात."

घासणारे हात थांबले. अक्कांनी भगुनं हातात घेतलं. ओल्या पदरानं नावावरची राख पुसली. त्यांना अक्षरं कळत नव्हती, तरी त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"रामकिसन, हिकडं ये. हे काय लिवलंय?"

"दुकानवाले की गलती, अक्का," कुंपणापलीकडून मजीदभाई घाईघाईनं म्हणाले. "मैं साथ में था. उनेच गलत डाला."

मजीदभाई साथीला नव्हते. पण रामकिसनरावांना वाट मोकळी करून दिलेली होती, एक हं म्हणायचं होतं. फक्त ते हं म्हटलं असतं तर अक्का उद्या सकाळी भगुनं घेऊन कासारी बाजारात गेल्या असत्या, शेठजींना फैलावर घेतलं असतं आणि ते अक्षर टाकून घेतल्याशिवाय परत आल्या नसत्या. अक्कांच्या दरबारात दुसऱ्यानं केलेली चूक कधी तशीच राहत नसे. आणि चूक आपली म्हटली, तर नाव तसंच राहिलं असतं, पण मग ट्रंक. एकट्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही, चुका होतात, हे अक्का वर्षापूर्वीच म्हणाल्या होत्या. घर ठेवायचं तर नाव जात होतं, आणि नाव ठेवायचं तर घर.

"दुकानदाराची नाही," रामकिसनराव म्हणाले. "माझी चूक झाली, अक्का. कै. सांगायचं माझ्याकडून राहून गेलं."

चतुराबाईंनी तोंडाला पदर लावला. इतके दिवस ज्याची वाट बघितली ते कानांनी ऐकलं, पण त्यांना हसू आलं नाही.

अक्का भावाकडे बघत होत्या.

"चूक झाली?"

"झाली."

"तुझी?"

"माझी."

अक्कांनी भगुनं मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "ल्हान असताना तुझ्या हातनं वासरू सुटलं, इहिरीत पडलं. आबानं तुला कासऱ्यानं झोडलं. पाठ फुटली. चुकलो म्हन, सोडतो, म्हनत हुता आबा. न्हाई म्हनलास. मी तुझी पाठ शेकली तव्हा बी मला म्हनलास, अक्का, माझी चूक न्हवती. आन आज चूक झाली म्हनतुस व्हय रं."

रामकिसनरावांनी मान खाली घातली. अक्कांना आणखी काही ऐकायचं नव्हतं.

त्या उठल्या. भगुनं चतुराबाईंच्या हाती देऊन घरात गेल्या. पलंगाखालून ट्रंक ओढल्याचा आवाज आला आणि रामकिसनराव दाराची चौकट धरून उभे राहिले. अक्का ट्रंक घेऊन बाहेर आल्या. तिच्यात त्यांनी येसराचा रिकामा डबा टाकला, उरलेलं पीठ टाकलं, आपली लुगडी कोंबली आणि झाकण लावलं.

"सुनांनो, आवरा. यष्टी चुकंल."

"अक्का, मी...?"

"तू कुटं येतुस?" अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला होता, म्हणून त्यांनी तो आणखी चढवला. "सवाशिणीचं घर हाय हे. असं बंद ठिवीत नसत्यात."

रामकिसनराव तिथंच पायरीवर बसले आणि द्वारकाबाई गेल्यापासून पहिल्यांदा चारचौघांत ओक्साबोक्शी रडले. मजीदभाई कुंपणापासून बाजूला झाले. चतुराबाईंनी ते भगुनं पुन्हा एकदा स्वच्छ धुतलं, पुसलं आणि आत नेऊन फळीवर ठेवलं.